माझ्या नावावरचं दाजींचं रक्त

आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझा सत्कार केला तेव्हा अध्यक्ष भाषणात म्हणाले, "कॅन्सरची शंका दाखवणारा रिपोर्ट समोर आला आणि ह्या गृहस्थांनी शांतपणे पुरणाचा दुसरा मांडा मागितला!" टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

खरं म्हणजे तो तिसरा मांडा होता. आणि रिपोर्टातलं रक्त माझं नव्हतं.

हे मी एव्हाना कधीच सांगायला हवं होतं. पण एकदा शाल अंगावर पडली की ती काढून परत देणं अवघड जातं. अजूनही मी गप्प बसलो असतो. मात्र माझ्या धाकट्या पुतण्याने गप्प बसू दिलं नाही. हा माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा मुलगा. विंचूरला कांद्याचा व्यापार करतो. दादाला जो आजार झाला तो वारशाने येऊ शकतो, म्हणून ह्या पोराने रक्त तपासून घ्यायला पाहिजे, आणि तो घेत नाही. आज लिलाव आहे, उद्या ट्रक भरायचाय, परवा पोरीचा वाढदिवस. मागच्या महिन्यात मी जरा आवाज चढवला, तर म्हणाला, "काका, तुमच्यासारखं काळीज नाही माझ्याकडे. तुम्ही रिपोर्ट बघून जेवलात. मी तर सुई बघूनच आडवा होईन."

म्हणजे माझं शौर्य त्याच्या आडवं आलं होतं. तेव्हा त्याच्यासाठी, आणि त्या शालीसाठी, जे झालं ते असं झालं.

दादा सटाण्याला राहतो. त्याच्या गळ्यात गाठ आली, नाशिकला आणून ऑपरेशन केलं. थायरॉईडचा कॅन्सर निघाला, आणि त्यातलाही जरा वेगळा प्रकार. डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. गळ्यातल्या ग्रंथीत काही पेशी असतात, त्या कॅल्सिटोनिन नावाचा हार्मोन सोडतात. हा आजार झाला की रक्तात त्याचा आकडा चढतो. म्हणजे गाठ हाताला लागायच्या आधीही रक्त चुगली करू शकतं. "हा प्रकार काही घराण्यांमध्ये पिढीजात असतो," बाई म्हणाल्या. "त्याची वेगळी तपासणी पाठवली आहे, तिला वेळ लागेल. तोवर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी ह्या हार्मोनची तपासणी करून घ्या."

सख्खी भावंडं म्हणजे मी आणि आमची अक्का, जी चांदवडजवळच्या खेड्यात दिलेली आहे. मुलं म्हणजे दादाचे दोघे. धाकट्याने त्याच आठवड्यात व्यापाराचं निमित्त काढलं. मी मात्र ताबडतोब पुढाकार घेतला. नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो, म्हणून सगळ्यांनी आदल्या दिवशी पाथर्डी फाट्याला माझ्या घरी मुक्कामाला यावं, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावं, बर्फाची पेटी घेऊन प्रयोगशाळेच्या बाई घरीच येतील, असा सगळा बेत मी आखला. आयुष्यभर एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या. कोण कुठल्या गाडीत बसेल हे सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझी गाडी मात्र मला पुकारायची नव्हती. कारण दाढी करताना माझ्या हाताला गळ्याशी एक गाठ लागली होती. तुरीच्या दाण्याएवढी. दादाच्या गाठीच्याही आधीची. मी शर्टाचं वरचं बटण लावायला लागलो. वैशाखातही लावायचो. बायको म्हणाली, "आता निवृत्त झाल्यावर साहेब झालात का?" मी म्हटलं, गळ्याला वारा लागतो.

रक्त द्यायच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. अक्का होती, थोरला पुतण्या आणि त्याची बायको होती, आणि अर्थात अक्काचे यजमान, आमचे दाजी. दाजींचं रक्त तपासायचं काहीच कारण नव्हतं. पण ते आमच्या घरचे एकुलते एक जावई. गेली पन्नासेक वर्षं आमच्याकडे कोणतंही कार्य त्यांच्याशिवाय सुरू झालेलं नाही. दादाच्या लग्नात त्यांच्या फेट्याचा रंग चुकला, तर वरात मारुतीच्या पाराशी थांबली होती, आणि नवरदेवाने घोड्यावरून उतरून त्यांची समजूत काढली होती.

प्रयोगशाळेच्या बाईंनी पेटी उघडली, नळ्या मांडल्या आणि विचारलं, "आधी कोण?"

दाजी उठले, धोतर सावरलं, खुर्चीत बसले आणि बाही वर केली.

"दाजी, तुमचं नाही काढायचं," मी म्हटलं.

"का?"

"फक्त रक्ताच्या नात्यातल्यांचं आहे."

दाजींनी बाही खाली केली. "असं व्हय. म्हंजी इतकी वरसं ह्या घरात येतोय ते पाण्याचं नातं?"

"अहो, आजार आमच्या घराण्यातला आहे. तुमचा काय संबंध?"

"सुखात संबंध, अन् आजारात नाय? ऱ्हाऊ दे. जातो मी चांदवडला."

पुतण्याच्या बायकोला हसू आलं. ती म्हणाली, "मामा, माझंपण नाही काढत. मी कुठं रुसले?" आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मुलं मामा म्हणतात.

"तू सून हायेस. जावई रुसतो, सून नाय," दाजींनी नियम सांगितला आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरे बसले. काल रात्रीपासून तेही उपाशी होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळं घर उपाशी असेल तर मानाच्या पाहुण्यानेही राहायचं, असा त्यांचा हिशेब.

अक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्यांना घेऊन कुठं जायची सोय नाय बघ." माझी बायको प्रयोगशाळेच्या बाईंना म्हणाली, "थेंबभर काढा हो त्यांचंही. पुढे ओतून द्या." बाई म्हणाल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाव नसेल तर त्यांना काढता येत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. इतकी सोपी आणि सगळ्यांच्या सोयीची कल्पना मला नोकरीत कधी सुचली नव्हती.

अक्काला चारचौघांत दंड उघडा करायला संकोच वाटला, म्हणून बाई पेटी घेऊन आतल्या खोलीत गेल्या होत्या. नळ्या मांडण्याच्या नादात त्यांनी आमच्यापैकी कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. अक्का आत असताना मी बाल्कनीत गेलो. "दाजी, माझ्याऐवजी तुम्ही द्या. माझं नाव सांगा."

दाजींनी मान वळवली. "अन् तू?"

"मला सुईची भीती वाटते."

"एवढा घोडा झालास अन्..." पण त्यांचा चेहरा खुलला होता. "पर मग तुझी तपासणी ऱ्हायली ना?"

"माझं मी नंतर गुपचूप करून घेईन. आज तुमचा मान राहू दे."

मान हा शब्द ऐकल्यावर दाजींनी पुढचं काही विचारलं नाही. मी त्यांना आत सोडलं आणि दाराबाहेर उभा राहिलो.

"काका, पूर्ण नाव?" बाईंचा आवाज.

आत दाजी खाकरले. मग दाजींनी माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावाशी अडखळले, आणि आडनाव इतक्या जोरात म्हटलं की ते बाहेर हॉलमध्ये ऐकू गेलं. कुणाला काही वाटलं नाही. माझं आडनाव माझ्या घरात ऐकू येणारच.

दंडावर कापूस दाबून, हात मुडपून दाजी बाहेर आले ते नवरदेवासारखे. मी देवघरातल्या वातीच्या कापसाचा बोळा घेतला, चिकटपट्टीने माझ्या दंडावर लावला आणि हॉलमध्ये येऊन बसलो. बायकोने दोघांकडे पाहून विचारलं, "दाजींचंही काढलं?" दाजी म्हणाले, "बाई समजूतदार हाय." मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. सर्वात जास्त दाजींनी.

पुढच्या रविवारी सगळे परत माझ्याकडे जमले. दादाही आला, गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळून. अक्काने मांडे केले होते. जेवणं चालू असतानाच थोरल्या पुतण्याच्या मोबाईलवर रिपोर्ट आले. अक्काचा चांगला, त्याचा स्वतःचा चांगला. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमचा वाढलाय."

ताटावरचे हात थांबले. बायकोने पदर तोंडाला लावला. अक्का "भाऊ रे माझ्या" म्हणून रडायला लागली. मी शांत होतो. माझ्याइतकं शांत त्या खोलीत कोणीच नव्हतं, कारण तो आकडा माझा नव्हताच. उलट अशी गंमत वाटली की संकट दारापर्यंत आलं आणि पत्ता चुकून शेजारी गेलं. शेजारी कोण राहतं हे माझ्या डोक्यात शिरायला अर्धा मांडा जावा लागला. मी ताट पुढे करून म्हटलं, "असू दे गं. मांडा वाढ."

हाच तो तिसरा मांडा.

तो अर्धा खाऊन झाल्यावर मी दाजींकडे पाहिलं. त्यांच्या ताटात आमरस तसाच. चेहरा राखेसारखा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. अक्काने हुंदका आवरून सगळ्यांना दाखवलं, "बघा तरी! मेव्हण्यावर एवढा जीव हाय, मला कधी कळलंच नाय." दादाला तर गहिवरून आलं. तो म्हणाला, "जावई असावा तर असा."

हात धुवायच्या निमित्ताने दाजींनी मला बाल्कनीत ओढलं.

"ते माझं हाय ना?"

"हो, दाजी."

"मंग बघ आत! सगळे तुझ्या गळ्यात पडू ऱ्हायलेत. माझं दुखणं, अन् माझ्यासाठी रडाया मी एकटा!"

"दाजी, हळू बोला."

"तुझी बहीण माझ्याम्होरं बसून तुझ्यासाठी रडू ऱ्हायली. मी तिला पाणी दिलं!"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हा माणूस मानासाठी रुसतो, पण मी त्याच्या रुसव्याचा उपयोग करून माझी भीती त्याच्या दंडातून काढून घेतली होती. घरच्यांना आज खरं सांगायचं, असं मी ठरवलं. पण खरं सांगायचं म्हणजे माझी गाठही सांगायची. मी म्हटलं, "दोन दिवस थांबा, बघू."

ह्या दोन दिवसांचा आठवडा झाला. माझ्याकडे शेजारीपाजारी भेटायला येत होते. मी त्यांची समजूत काढत होतो, चहा पाजत होतो. माझ्या धीराची कीर्ती कॉलनीभर झाली. तिकडे चांदवडला दाजींनी आवराआवर सुरू केली. कांदा साठवायच्या चाळीची किल्ली थोरल्या मुलाकडे दिली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दोघा मुलांना वाटून दिल्या. आणि ज्या शेजाऱ्याशी बापजाद्यांपासून बांधावरून भांडण होतं, त्याला घरी बोलावून चहा दिला आणि दोन हात बांध सोडून दिला. शेजारी बिचारा इतका घाबरला की त्याने अक्काला विचारलं, "वहिनी, ह्यांना काही झालंय का?" अक्का म्हणाली, "मेव्हण्याच्या दुखण्यानं खचलेत."

बांधाचं कळलं तेव्हा मात्र मी हादरलो. दाजी बांध सोडतात म्हणजे त्यांनी आशा सोडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने त्यांना बोलावून घेतलं आणि दोघे डॉक्टर बाईंकडे गेलो.

मी सगळं सांगितलं. गाठीचं सोडून. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर," त्या म्हणाल्या. "मी ह्यावरून तुमच्या गळ्याच्या पुढच्या तपासण्या लिहिल्या असत्या. आणि ह्यांना खरंच काही असतं तर ते घरी बसून राहिले असते. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मी म्हटलं.

"जावई हाय, म्हनून झालं," दाजी म्हणाले.

बाईंनी त्यांचा गळा तपासला, पोटाचं विचारलं, औषधांचं विचारलं. दाजी म्हणाले, औषध काही नाही. मग आठवून म्हणाले, "ते पित्ताची कॅप्सूल सोडली तर. सकाळी उठल्या उठल्या. मिरचीचा ठेचा खायच्या आधी."

"किती वर्षं?"

"ठेचा लहानपणापासून. कॅप्सूल नातवाच्या बारशापासून. नातू आता कॉलेजात हाय."

"रक्त दिलं त्या सकाळीही घेतली होती?"

"घेतली की. ती काय खाणं हाय का?"

बाई पहिल्यांदा हसल्या. पित्ताच्या ह्या कॅप्सूल फार काळ घेतल्या तर कॅल्सिटोनिनचा आकडा त्यांनीही थोडा चढू शकतो, हे त्यांनी सांगितलं. दाजींचा आकडा काही फार वर नव्हता. कॅप्सूल थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, गळ्याची सोनोग्राफीही करू, पण आत्ता घाबरायचं कारण दिसत नाही.

दाजींनी धोतराचा सोगा सावरला. मग माझ्याकडे वळले. "म्हंजी बांध फुकट गेला."

मी हसायला लागलो, आणि हसता हसता डॉक्टर बाईंचा आवाज ऐकला. "आता तुमचं. वरचं बटण काढा."

मी बटणावर हात ठेवून बसलो. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि गिळायला सांगितलं. त्यांची बोटं गळ्यावरून फिरली आणि एका जागी थांबली.

"ही कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"ह्या दिवाळीपासून?"

मी बटण परत लावायला लागलो. दाजींची मान माझ्याकडे वळलेली मला न बघता कळली. मला वाटतं, पन्नास वर्षांत जावयाने न रुसता गप्प बसायची ती पहिलीच वेळ.

डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून तिथूनच प्रयोगशाळेत रक्त द्यायला गेलो. तीच बाई, तीच पेटी. तिने नळी हातात घेतली आणि विचारलं, "पूर्ण नाव?" आणि ज्या गळ्याने मी जन्मभर फलाट पुकारले, त्यातून माझं नाव बाहेर येईना. तेवढ्यात मागून दाजींनी माझं नाव सांगितलं. ह्या वेळी वडिलांच्या नावाशीही अडखळले नाहीत.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मागे हे तुम्हीच होता ना, काका?"

"तवा मी हा होतो," दाजी म्हणाले. "आता ह्यो सोताच हाय." आणि माझा दुसरा हात त्यांनी धरून ठेवला.

माझा आकडा दाजींच्या कितीतरी वर निघाला. सुई घालून गाठ तपासली, तिनेही तेच सांगितलं. ऑपरेशन ठरलं. आता मी खरोखर घाबरलो होतो. जेवण जात नव्हतं, पहाटे घाम फुटायचा. पण आता कोणी रडेना! सगळ्यांचं रडून झालं होतं. बायको म्हणायची, "तुमचं काय, तुम्ही धीराचे." अक्का फोनवर म्हणायची, "तेव्हा नाय घाबरला, आता काय घाबरशील?" एकटा दादा तेवढा आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "कसाले घाबरस रे? मी जिता शे ना?" तो जिवंत आहे ना, एवढ्यानेच बरं वाटलं. आणि रोज संध्याकाळी दाजींचा फोन यायचा. ते एवढंच विचारायचे, "भ्या वाटतं का?" मी म्हणायचो, "हो." ते म्हणायचे, "मलाबी वाटलं होतं. जेव थोडं."

ऑपरेशन वेळेत झालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून वर्षभर बटण लावून बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. आवाज थोडा बसला, जुनी गाडी चढाला लागल्यासारखा येतो. रोज सकाळी एक गोळी आणि दर काही महिन्यांनी तोच हार्मोन तपासायचा. आजार आमच्यात पिढीजात आहे हेही नंतर नक्की झालं. अक्का आणि थोरला पुतण्या त्यातून सुटले. दाजींचा आकडा कॅप्सूल बंद केल्यावर मुकाट खाली आला. बांध मात्र परत आला नाही. शेजाऱ्याने त्यावर शेवगा लावला. त्याच्या शेंगा तो दाजींना आणून देतो, आणि दाजी त्या रागारागाने खातात.

मग तो सत्कार झाला.

हे सगळं लिहून झाल्यावर आधी दाजींना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिही. पर मी रडलो तेवढं काढून टाक."

"दाजी, मग राहतं काय?"

तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. दाजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात हे मी विसरलो होतो. "म्हंजी ते रगत तुमचं होतं? अन् मी तुमच्या हातचं पाणी पिऊन ह्याच्यासाठी रडले? आणि बांध? बांध त्याच्यापायी सोडला?" पुढचं मी ऐकलं नाही. फोन ठेवावा लागला. शाल दुसऱ्या दिवशी चांदवडला पाठवून दिली. दाजी ती पांघरून शेवग्यासमोर बसतात, असं कळलं.

मग पानांचे फोटो काढून विंचूरला, धाकट्या पुतण्याला पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे त्याची पोरगी कशासाठी तरी हट्ट करत होती.

"काका, म्हणजे तुम्ही घाबरला होतात."

"तुझ्यापेक्षा जास्त. तू नुसता टाळतोयस. मी दुसऱ्याला खुर्चीत बसवलं."

"मग माझ्या नावावर मामा देतील का?"

"त्यांची कॅप्सूल बंद आहे. आता त्यांच्या रक्ताचा कुणाला उपयोग नाही."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "रविवारी येतो. पण तुम्ही शेजारी बसायचं. आणि धीराबिराचं काही बोलायचं नाही."

मी कबूल केलं. प्रयोगशाळेच्या बाईंना कळवून ठेवलंय, चिठ्ठी तयार आहे, बायकोने पोहे निवडून ठेवलेत. चांदवडहून निरोप आलाय: दाजी शनिवारीच मुक्कामाला येतायत, तेही उपाशी राहणार आहेत, आणि खुर्चीत आधी कोण बसणार हे त्यांना आत्ताच कळलं पाहिजे.